रुग्णाच्या मनगटावरचा बारकोड पट्टा नेमकं काय काम करतो?

हॉस्पिटलमध्ये ॲडमिट झालं की मनगटाला प्लास्टिकचा पट्टा बांधतात. त्यावर रुग्णाचं नाव, वय किंवा जन्मतारीख, नोंदणी क्रमांक असतो आणि अनेक ठिकाणी आता बारकोडही. औषध देण्याआधी नर्स पट्ट्यावरचा आणि औषधाच्या पाकिटावरचा असे दोन्ही कोड स्कॅन करते. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध, डोस, वेळ आणि समोरचा रुग्ण यांचा मेळ बसला नाही, तर स्क्रीनवर इशारा येतो.

एवढा खटाटोप कशाला? एका वॉर्डात दोन पाटील असू शकतात. ‘पाटीलकाका ना?’ असं विचारलं की गुंगीतला माणूस ‘हो’ म्हणून मोकळा होतो. बेड तर बदलत राहतात. म्हणूनच रुग्णाची ओळख किमान दोन खुणांवरून पटवावी आणि खोलीचा नंबर त्यात धरू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्ये सुचवलं.

औषधासाठी बारकोड वापरण्याची कल्पना अमेरिकेतल्या एका नर्सची. भाड्याची गाडी परत करताना कंपनीचा माणूस ती स्कॅन करून घेतो, हे सू किनिक यांनी पाहिलं. गाडीसाठी हे जमतं, तर रुग्णासाठी का नाही? त्या कॅन्ससमधल्या टोपेका इथे माजी सैनिकांच्या रुग्णालयात काम करत. 1990 च्या दशकात तिथे हे सुरू झालं आणि पुढे माजी सैनिकांच्या देशभरातल्या रुग्णालयांत पोहोचलं.

फायदा मोजलाही गेला आहे. बोस्टनच्या एका मोठ्या रुग्णालयातल्या अभ्यासात (2010) वेळेच्या चुका वगळता औषध देतानाच्या चुका 11.5 टक्क्यांवरून 6.8 टक्क्यांवर आल्या. म्हणजे घटल्या, संपल्या नाहीत.

मग त्रुटी कुठे राहते?

2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात नर्सेस स्कॅनिंगला बगल कशी देतात, याचे 15 प्रकार सापडले. रुग्णाच्या बारकोडची जादा प्रत काढून ती दाराच्या चौकटीला, कॉम्प्युटरच्या गाडीला, अगदी स्वतःच्या कमरेच्या पट्ट्यालाही लावलेली होती. कोड स्कॅन होतो, संगणक खूश, पण रुग्णाकडे कुणी पाहिलेलंच नाही! याला फक्त आळस म्हणणं अन्यायाचं ठरेल. पट्टा भिजलेला किंवा चावलेला, स्कॅनरची बॅटरी उतरलेली, वाय-फाय गायब, अशी 31 कारणंही त्याच अभ्यासात नोंदवली आहेत.

रंगाचे पट्टे हा वेगळाच घोळ. 2005 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात नर्सने रुग्णाला पिवळा पट्टा बांधला. त्या रुग्णालयात पिवळ्याचा अर्थ ‘हृदय बंद पडल्यास पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये’ असा होता. ती आणखी एका रुग्णालयातही काम करायची आणि तिथे पिवळा म्हणजे ‘या हातातून रक्त घेऊ नका’. रुग्णाचं हृदय बंद पडलं, तेव्हा चूक वेळीच लक्षात आली म्हणून तो वाचला. आपल्याकडे रंग दिसला तर त्याचा अर्थ त्याच हॉस्पिटलमध्ये विचारून घ्या.

नवजात बाळांचा टॅग मात्र बारकोडपेक्षा वेगळा. तो बहुधा पायाला बांधतात आणि त्यातून रेडिओ संकेत सतत जात असतात. टॅग कापला किंवा बाळाला परवानगीशिवाय दाराजवळ नेलं, तर अलार्म वाजतो. काही ठिकाणी दारं आपोआप बंद होतात. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं घटतं, टॅग सैल होतो आणि उगाच अलार्म वाजतो. म्हणून तो पुन्हा घट्ट करावा लागतो. रुग्णालयातून नवजात बाळ चोरीला गेलं, तर सर्वांत आधी त्या रुग्णालयाचा परवाना निलंबित करावा, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2025 मध्ये म्हटलं आहे.

तुमचं माणूस ॲडमिट असेल, तर पट्ट्यावरचं नाव आणि वय पहिल्याच दिवशी वाचून घ्या. सलाईनसाठी किंवा ऑपरेशनआधी पट्टा कापला, तर नवा लगेच मागा. तो उशीखाली किंवा फाइलला अडकवून ठेवू नका. औषध देताना सिस्टरने नाव विचारलं, तर पूर्ण नाव रुग्णालाच सांगू द्या. तो शुद्धीत नसेल तरच तुम्ही सांगा.