शिक्षा, अपील आणि बडतर्फी

गुन्हा शाबीत झालेल्या शिक्षकाची नोकरी केव्हां जावी? राज्यघटनेच्या ३११ व्या कलमान्वयें असा सरकारी नोकर खात्याच्या चौकशीवांचूनहि बडतर्फ होऊं शकतो. मुलांच्या रक्षणासाठीं ही त्वरा रास्त वाटते. पण गडचिरोलीचा एक खटला पाहा. माओवाद्यांशीं संबंधाच्या आरोपावरून तेथील सत्र न्यायालयानें दिल्लीच्या रामलाल आनंद महाविद्यालयांतील इंग्रजीचे प्राध्यापक जी. एन. साईबाबा यांना ७ मार्च २०१७ रोजीं जन्मठेप दिली. अपील चालूं असतांनाच २०२१ सालीं महाविद्यालयानें त्यांना बडतर्फ केलें. ५ मार्च २०२४ रोजीं उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें त्यांना निर्दोष सोडलें. त्याच वर्षीं १२ ऑक्टोबरला ते वारले. नोकरी परत मिळाली नव्हती. निलंबनानें वर्गांतील मुलें सुरक्षित राहतात. मग बडतर्फीनें अपिलाच्या निकालापर्यंत थांबावें, हेंच न्यायाचें होय.