सहा आकड्यांचा कायमचा पत्ता

वाई सातारा जिल्ह्यात, पण पिन कोड ४१२८०३, म्हणजे पुण्याकडच्या गटातला. इस्लामपूर सांगली जिल्ह्यात, तरी त्याचा ४१५४०९ साताऱ्याच्या मालिकेत बसतो. सातारा शहराचा ४१५००१, सांगलीचा ४१६४१६.

ही चूक नव्हे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिन कोड सुरू झाला. तो आखणारे टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतचे जाणते कवी होते. पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा वर्गवारीच्या क्षेत्राचा. शेवटचे तीन थेट टपाल कार्यालयाचे. जिल्ह्याची हद्द इथे दुय्यम. म्हणूनच ४१५ घाटाखाली उतरून चिपळूण-रत्नागिरीपर्यंत जातो आणि ४१६ मध्ये कोल्हापूर, सांगली, सावंतवाडी एकत्र येतात.

नेमकं ठिकाण कसं शोधायचं, हा प्रश्न संगणकांच्या जगातही त्याच दशकात होता. अमेरिकेतल्या अर्पानेट या संगणक-जाळ्यावरच्या यंत्रांची नावं आणि पत्ते एका फाइलमध्ये लिहिलेले असत. ती स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत सांभाळली जाई.

पुढे नेटवर्कला जोडलेल्या युनिक्स यंत्रात त्याचा पत्ता फाइलमध्ये लिहून ठेवायचा; यंत्र सुरू होताना तो वाचून नेटवर्क कार्डाला देई. एक आकडा चुकला, की यंत्र चालू असूनही शेजाऱ्यांना सापडत नसे. १९९३ मध्ये डीएचसीपी ही पद्धत आली आणि पत्ते आपोआप वाटले जाऊ लागले. सर्व्हर आणि प्रिंटरना मात्र आजही बहुतेक ठिकाणी ठरलेलाच पत्ता देतात, कारण त्यांना शोधत इतर यंत्रं येतात.

पिन कोडही तसाच ठरलेला: वाईच्या पाकिटावर आजही ४१२८०३ हेच आकडे लिहिले जातात.