चारा छावणी

दुष्काळात चारापाणी संपलेल्या गावांतली गुरे एका जागी बांधून सरकारी अनुदानातून जगवण्याची व्यवस्था. माण, आटपाडी, सांगोला, जत या भागांत आणि बीड-धाराशिवकडे तिला नुसते ‘छावणी’ म्हणतात.

तिची मुळे इंग्रजी अमदानीत आहेत. 1876-78 च्या दुष्काळानंतर आयोग बसला आणि 1883 मध्ये दुष्काळ संहिता आली. माणसांना कामे देणे हा तिचा पाया. गुरांसाठी जंगले चराईला खुली करणे आणि चाऱ्यासाठी तगाई, म्हणजे सरकारी कर्ज, देणे हे उपाय होते. एरवी मात्र हीच जंगले गुराख्यांना बंद होती. जोतीराव फुल्यांनी 1883 मध्येच लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये ही तक्रार मांडली आहे.

आज पैसा मुख्यतः राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांवर ठरतो. आधी तालुक्यात दुष्काळ जाहीर व्हावा लागतो. 31 ऑक्टोबर 2018 रोजी असे 151 तालुके जाहीर झाले. मग संस्थांना छावणीची परवानगी मिळते. त्या वेळी मोठ्या जनावरामागे रोजचा दर आधी 70 रुपये आणि लहानामागे 35 होता, तो वाढत मे 2019 मध्ये 100 आणि 50 वर गेला. संस्थेने खर्च आधी करायचा, बिल मागून. त्यामुळे पदरी भांडवल असलेल्यालाच छावणी झेपते. म्हसवडला माणदेशी फाउंडेशनने 2012-13 मध्ये आणि पुन्हा 2019 मध्ये मोठी छावणी चालवली.

दावणीला उसाचे वाढे, म्हणजे शेंड्याकडची हिरवी पाने, येतात, कारण भर उन्हाळ्यात हिरवे म्हणून तेवढेच मिळते. वाढ्यांत ऑक्झलेट असते, ते शरीरातले कॅल्शियम बांधून टाकते. म्हणून जाणते लोक वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडतात. छावणीच्या काळात घर दोन ठिकाणी वाटले जाते. म्हातारा किंवा सून छावणीत पालाखाली राहते, पहाटे तिथेच धार काढते. बाकीचे गावी टँकरची वाट पाहतात. बैलजोडी बाजारात कवडीमोल जाण्यापासून वाचली, तर पावसाळ्यात पेरणी होते. छावणीची खरी कमाई हीच, आणि ती कोणत्याही हिशेबवहीत दिसत नाही.

ही रचना दावणीच्या जनावरासाठी आहे. कानात बिल्ला, रोजची मोजणी, सुरुवातीला एका कुटुंबाची 5 च जनावरे अशी बंधने शेतकऱ्याला कशीबशी पाळता येतात. मेंढपाळाला नाही. त्याचा वाडा, म्हणजे कळप आणि कुटुंबांचा तांडा, दिवाळीनंतर घोड्यावर बिऱ्हाड लादून निघतो, शेतात मेंढ्या बसवून खताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घेतो आणि पावसाच्या तोंडावर माघारी येतो. दुष्काळात त्याला चालण्याची वाट, वाटेवरचे पाणी आणि चराईची परवानगी हवी असते. शेळ्यामेंढ्यांच्या छावण्यांना मान्यता मिळाली ती 2019 चा उन्हाळा निम्मा सरल्यावर. दोन वर्षे आधी, 2017 मध्ये, राजे यशवंतराव होळकर महामेष योजना आली. ती 20 मेंढ्या आणि 1 नर असा गट 75 टक्के अनुदानावर देते. पण कळप मिळाला तरी चरायचे कुठे, हा प्रश्न वनखात्याच्या हद्दीपाशी तसाच थांबतो. मेंढपाळ तिथेच अडवला जातो, दंड भरतो आणि रात्रीच्या रात्री वाडा पुढे हलवतो.