बळ कुठे गेले? स्नायूंच्या एका दुखण्याचा इतिहास



२१ एप्रिल १८६३ रोजी बोरघाटातून आगगाडी सुरू झाली. भिसेगाव कर्जत स्टेशनाला लागूनच, तेव्हा तिथल्या मंडळींना घाटाची महती मी सांगायला नको. पण त्याच साली जर्मनीत वॅगनर नावाच्या डॉक्टराने एका विरळ दुखण्याची हकीकत छापली, ती फारशी कोणाच्या कानावर नसेल. दाह होता तो स्नायूंत. १८८७ साली उनव्हेरिख्ट याने या दुखण्याचे नीट वर्णन केले, आणि १८९१ साली कातडीवरही उठणाऱ्या प्रकाराला ‘डर्मॅटोमायोसायटिस’ हे नाव दिले. नुसत्या स्नायूंचा तो ‘पॉलिमायोसायटिस’.

आपल्याकडे मात्र गुडघा धरला तरी वात आणि कंबर धरली तरी वात! शब्द जुना आहे, सोयीचा आहे. पण त्याच्या पोटात हे दुखणे हरवून जाते. कारण इथे ठणक्यापेक्षा बळ जाणे मोठे. उकिडवा बसलेला माणूस हात टेकल्यावाचून उठत नाही. बाईला भरला हंडा डोक्यावर घेववत नाही, वेणी घालताना हात गळून येतात. मूठ मात्र बऱ्याचदा घट्ट आवळता येते, आणि म्हणून घरच्यांना वाटते, ही सोंगे आहेत! (उतारवयातला एक प्रकार उलटा : त्यात बोटांची पकड लवकर जाते. त्याला १९७१ साली निराळे नाव मिळाले, आणि औषधे त्याला फारशी दाद देत नाहीत.)

हे होते कसे? कुंपणानेच शेत खावे, तसे. रोगजंतूंशी लढणारी शरीराची शिबंदी आपल्याच स्नायूंवर उठते. तेव्हा हा रोग शिवल्याने लागत नाही, ताट वेगळे करायचे कारण नाही.

१९४८ साली अमेरिकेत हेंच आणि केंडॉल यांनी संधिवाताच्या एका रोग्याला कॉर्टिझोन टोचले आणि आखडलेला माणूस काही दिवसांत हिंडूफिरू लागला. १९५० साली त्यांना आणि राइखश्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच कुळीतली औषधे पुढे स्नायूंच्या दाहावरही मुख्य ठरली. पण औषध दुधारी आहे. तोंड सुजते, हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते. हे पाहून रोगी घाबरतो आणि गोळी आपल्याच मनाने बंद करतो. तसे करू नये हो! बरेच दिवस गोळी चालली की शरीर स्वतःचा तसला रस करणे कमी करते. गोळी एकदम तोडली तर जिवावर बेतते. ती डॉक्टरांनीच पायरीपायरीने उतरवायची. जोडीला मेथोट्रेक्सेट दिले असेल तर ते आठवड्यातून एकदाच. रोज घेतले तर विष.

पूर्वी डॉक्टर अशा रोग्याला निजूनच राहा म्हणत. १९९० नंतरच्या प्रयोगांनी दाखवले की बेताच्या, शिकवलेल्या व्यायामाने दाह वाढत नाही, उलट बळ येते.

१९९६ साली पुणे जिल्ह्यातील भिगवणला डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर पाहणी केली. चार हजारांवर प्रौढांत सुमारे १८ टक्क्यांना हाडे, सांधे, स्नायू यांची काही ना काही तक्रार निघाली. यातले बहुतेक दुखणे साधे, नेहमीचे. स्नायूदाह विरळाच, पण एवढ्या गर्दीत तो ओळखायचा म्हणजे कोणीतरी नेमके पाहिले पाहिजे.

इथे गुरुजींचे काम येते, कारण डर्मॅटोमायोसायटिस मुलांनाही होतो. कालपर्यंत पळणारे पोर जिना चढताना कठडा धरू लागले, जमिनीवरून उठताना मांडीवर हात देऊ लागले, पापण्यांवर जांभळट छटा आणि बोटांच्या पेरांवर लाल चट्टे दिसले, तर कवायतीच्या तासाला त्याला आळशी म्हणून उभे करू नका. आईबापांना बोलावून सांगा. रक्तातील ‘क्रिएटिन कायनेज’ तपासले म्हणजे बराच उलगडा होतो. कधी स्नायूचा तुकडाही काढून पाहतात. आणि घास गिळताना ठसका लागू लागला, पाणी नाकातून परत येऊ लागले किंवा दम लागू लागला, तर बाजाराच्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्यावे.