कुंभकोणमचे दोन चुलत भाऊ

आमच्या कुंभकोणमला दिवाणांचा दुष्काळ कधी पडला नाही. एकोणिसाव्या शतकात त्रावणकोर, इंदूर, बडोदा अशा संस्थानांची घडी विस्कटली की मद्रासकडचा एखादा 'राव' बोलावला जाई आणि चौकशी केली तर त्याचं मूळ गाव बऱ्याचदा कावेरीकाठचं हेच निघे. आमच्या घरातली बायकामंडळी याचं श्रेय विजयींद्रस्वामींच्या मठाला देत. आजोबांचं मत वेगळं होतं. ते म्हणत, "स्वामींचा आशीर्वाद आहेच, पण आधी कचेरीला नमस्कार करा."

त्यांचं म्हणणं मला पुढे वाचताना पटत गेलं. १७९९ च्या तहाने मराठा सरफोजीराजांकडे तंजावरचा किल्ला आणि आसपासचा थोडा मुलूख उरला. बाकीचं राज्य कंपनीच्या ताब्यात गेलं. राजा बदलला, पण सारा तोच आणि जमाखर्चही मराठीतच. कलेक्टरसाहेबाला मोडी कुठली वाचता येणार? मग ज्यांचे आजे-पणजे राजाच्या दप्तरात बसत, त्यांचीच मुलं शिरस्तेदार, तहसीलदार, पेशकार म्हणून साहेबाच्या कचेरीत बसू लागली. कावेरीच्या पाटाचं पाणी कोणत्या गावात कधी पोचतं, कोणता मिरासदार पिकाचा आकडा दडवतो, हे सगळं त्यांना पाठ. आजोबांच्या मते दिवाणगिरी म्हणजे हीच तहसीलदारी, फक्त गादी मोठी.

अशाच एका घरातले व्यंकटराव आणि रंगराव हे सख्खे भाऊ. दोघंही त्रावणकोरचे दिवाण झाले. व्यंकटरावांना तर सरकारने 'राय रायाराय' असा किताब दिला. रंगरावांचा मुलगा माधवराव १८२८ साली कुंभकोणमला जन्मला, व्यंकटरावांचा रघुनाथराव १८३१ साली, तोही इथेच.

पहिल्याची कथा आजी इतक्या वेळा सांगे की तो आमचाच कुणी आजोबा असावा असं आम्हा मुलांना वाटे. मद्रासला पॉवेल साहेबांच्या हाताखाली गणित शिकला, त्रावणकोरच्या राजपुत्रांचा शिक्षक म्हणून गेला आणि तिशीच्या आत तिथलाच दिवाण झाला. कर्जात बुडालेला खजिना त्याने वर काढला, मिरीचा सरकारी मक्ता उठवला, १८६५ च्या जाहीरनाम्याने सरकारी जमिनी कसणाऱ्या कुळांना मालकी मिळाली. मग 'सर' झाला. पुढे इंदूर, मग बडोदा. तिथले महाराज मल्हारराव यांना पदच्युत केल्यावर, १८७५ मध्ये, कवळाण्याहून आणलेला बारा वर्षांचा मुलगा गादीवर बसला आणि राज्य माधवरावांच्या हाती आलं. त्या मुलाला, म्हणजे सयाजीरावांना, त्यांनी राज्य कसं करावं यावर व्याख्यानं दिली; ती पुढे पुस्तकरूपाने निघाली. इथवर आजी रंगून सांगे.

एक गोष्ट ती गाळत असे. त्रावणकोरात शाणार जातीच्या बायकांना छाती झाकण्याची बंदी होती आणि त्यावरून दंगे पेटले तेव्हा दिवाण माधवरावच होते. सुरुवातीला त्यांनी जुन्या रूढीचीच बाजू धरली. बंदी सैल झाली ती १८५९ च्या जुलैत, मद्रास सरकारने कान पिळल्यावर. कर्तबगार माणसाचा हा डाग मला झाकावासा वाटत नाही.

आणि रघुनाथराव? त्यांचं नाव आमच्या घरात जवळजवळ निघतच नसे. खरं तर ते डेप्युटी कलेक्टर होते आणि माधवरावांच्या मागून इंदूरचे दिवाणही झाले. पण त्यांनी एक 'आगळीक' केली होती: विधवांच्या पुनर्विवाहाचा कैवार घेतला. १८५६ चा कायदा कागदावर होता, पण मद्रासकडे त्याला हात लावायला फारसं कुणी धजत नव्हतं. रघुनाथराव चांगले संस्कृतज्ञ. साहेबी पुस्तकांतले दाखले न देता ते शास्त्रवचनं पुढे ठेवत आणि शास्त्र्यांना त्यांच्याच अंगणात गाठत. इंग्रजी शिकलेला पोर असं बोलला असता तर लोकांनी दुर्लक्ष केलं असतं. सोवळ्यातल्या, दिवाणाच्या घरच्या माणसाचं काय करायचं?

आमच्या घरी आजोबांची धाकटी बहीण होती. सगळे तिला अक्का म्हणत. अकराव्या वर्षी विधवा झालेली, केशवपन केलेली. रघुनाथरावांविषयी मी पहिल्यांदा ऐकलं ते तिच्याकडून, आजी देवळात गेलेली असताना. "आपल्याच गावचा माणूस होता," एवढंच म्हणाली आणि पुढचे तांदूळ निवडायला घेतले. लिहिता-वाचता न येणाऱ्या अक्काला हे नाव कुणी सांगितलं, हे विचारायचं मला सुचलं नाही.

१८८७ च्या डिसेंबरात मद्रासला काँग्रेसचं तिसरं अधिवेशन भरलं. स्वागताध्यक्ष होते माधवराव. त्याच मुक्कामी पुण्याहून आलेले न्यायमूर्ती रानडे आणि रघुनाथराव यांनी सामाजिक परिषद उभी केली. महाराष्ट्रात या परिषदेचं नाव निघालं की रानड्यांची आठवण होते, आणि ते योग्यच आहे. पण तिच्या दुसऱ्या खांबाचं गाव विचारलं तर किती जणांना सांगता येईल? त्याच्या तीन वर्षं आधी, १८८४ मध्ये, ज्या सतरा माणसांच्या बैठकीत काँग्रेसची कल्पना घोळली असं ॲनी बेझंट यांनी लिहून ठेवलं, ती बैठकही रघुनाथरावांच्याच मद्रासच्या घरी झाली.

माधवराव १८९१ साली वारले. तिरुवनंतपुरमच्या सचिवालयासमोर त्यांचा पुतळा आहे आणि त्या चौकालाच लोक 'स्टॅच्यू' म्हणतात. रघुनाथराव १९१२ पर्यंत जगले. कुंभकोणमच्या या रावांपैकी पहिला मान कुणाचा, असं मला कुणी विचारलं तर मी डेप्युटी कलेक्टर रघुनाथरावांचं नाव घेईन. आजीला ते मुळीच पटलं नसतं.