व्यावसायिक संपर्कस्थळांवरील अक्षरमर्यादा

व्यावसायिक संपर्कस्थळांवरील अक्षरमर्यादा म्हणजे लिंक्डइन, झिंग यांसारख्या संकेतस्थळांनी सदस्याच्या परिचयाला, संदेशाला किंवा नोंदीला घालून दिलेली कमाल लांबी. ही लांबी शब्दांत वा ओळींत न मोजता संगणकीय चिन्हांत मोजली जाते. त्यामुळे देवनागरीत लिहिणाऱ्यास वाचताना जाणवणारी लांबी आणि यंत्राने मोजलेली लांबी यांत बरेच अंतर पडते.

संज्ञा

मराठीत ‘अक्षरमर्यादा’ हा शब्द रूढ झाला असला तरी तो काटेकोर नाही. मराठी परंपरेत अक्षर म्हणजे स्वरासह उच्चारला जाणारा एकक होय. मोठ्या अभंगाच्या चरणांत ६, ६, ६ आणि ४ अक्षरे असतात असे म्हणताना जोडाक्षर एकच धरले जाते आणि काना, मात्रा, वेलांटी वेगळ्या मोजल्या जात नाहीत. संगणक मात्र त्या वेगळ्या मोजतो. या दृष्टीने ‘चिन्हमर्यादा’ हा शब्द अधिक योग्य ठरला असता. पण वापरात तो फारसा आढळत नाही.

पूर्वपीठिका

मोजून लिहिण्याची सवय संगणकाच्या आधीची आहे. तारेचे शुल्क शब्दसंख्येवर ठरत असल्याने मजकूर कमीत कमी शब्दांत बसविला जाई. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. मोबाइलवरील लघुसंदेशाची मर्यादा १४० बाइटची होती. सात बिटांच्या रोमन चिन्हांत तीत १६० चिन्हे बसत, तर देवनागरीला प्रत्येक चिन्हास सोळा बिट लागत असल्याने केवळ ७०. मराठी संदेश रोमन लिपीत लिहिण्याची सवय रुजण्यामागे कळफलकाच्या अडचणीबरोबर हेही एक कारण होते. २००६ साली सुरू झालेल्या ट्विटरने लघुसंदेशाच्याच मापावरून १४० चिन्हांची मर्यादा घेतली आणि २०१७ मध्ये ती २८० केली.

लिंक्डइन हे संकेतस्थळ मे २००३ मध्ये खुले झाले. तेथील मर्यादा तांत्रिक निकडीतून आलेल्या नाहीत. वाचणाऱ्याला थोड्या वेळात अनेक परिचय चाळता यावेत हा त्यांचा उपयोग आहे. नावाखालच्या शीर्षकओळीस २२० चिन्हे, ‘परिचय’ या भागास २,६००, नोकरीच्या प्रत्येक अनुभवाच्या वर्णनास २,००० आणि नोंदीस ३,००० चिन्हे मिळतात. नोंदीची मर्यादा पूर्वी १,३०० होती. नोकरी डॉट कॉम हे भारतीय संकेतस्थळ संपर्काचे नसून नोकरीशोधाचे आहे, तरी तेथेही उमेदवाराच्या शीर्षकास २५० चिन्हांची मर्यादा आहे.

देवनागरीतील गणना

युनिकोड पद्धतीत व्यंजन, स्वरचिन्ह, अनुस्वार आणि हलन्त यांना प्रत्येकी स्वतंत्र संकेतांक असतो. ‘क्षेत्र’ या शब्दात वाचकाला दोन अक्षरे दिसतात. संगणकाला क, हलन्त, ष, मात्रा, त, हलन्त, र अशी सात चिन्हे. ‘व्यवस्थापक’ पाच अक्षरांचा, पण दहा चिन्हांचा. म्हणजे जोडाक्षरांनी भरलेला संस्कृतप्रचुर मजकूर मर्यादा लवकर संपवितो, असा समज होतो. तो अंशतःच खरा आहे: ‘स्थापत्य अभियंता’ आणि ‘सिव्हिल इंजिनिअर’ या दोन्ही पदनामांची लांबी, मधली मोकळी जागा धरून, १६ चिन्हेच भरते. दुसरे पदनाम रोमन लिपीत इंग्रजी वर्णलेखनाने लिहिल्यास ते १४ चिन्हांत बसते.

काही चिन्हे दिसतही नाहीत. ‘दुसऱ्या’मधील अर्धा र ‘ऱ’ हे अक्षर वापरून लिहिता येतो, तसाच साध्या ‘र’ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह लावूनही लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच उमटतात, पण दुसऱ्या रीतीत एक चिन्ह अधिक खर्ची पडते. भावचित्रे बहुधा दोन किंवा अधिक चिन्हांची मोजली जातात.

लेखनावरील परिणाम

मराठी लेखकाची खरी अडचण चिन्हसंख्येपेक्षा वाक्यरचनेत आहे. मराठीत क्रियापद सामान्यतः वाक्याच्या शेवटी येते आणि विशेषणे नामाच्या आधी साचत जातात. लिंक्डइनवर मात्र नोंदीच्या सुरुवातीच्या दोन-तीन ओळीच दिसतात व उरलेला मजकूर ‘अधिक पाहा’ यामागे जातो; शोधयादीतही लांब शीर्षकओळ तोडली जाते. परिणामी २२० चिन्हांची परवानगी असूनही आरंभीची काही चिन्हेच निर्णायक ठरतात.

उदाहरणार्थ, ‘पुणे जिल्ह्यातील लहान शेतकऱ्यांसाठी ठिबक सिंचनाचे आराखडे गेली १२ वर्षे तयार करीत आहे’ हे वाक्य ८४ चिन्हांचे आहे. मर्यादेत ते सहज बसते. पण निम्म्यावर तुटले तर वाचकाला गाव आणि शेतकरी कळतात, काम कळत नाही. ‘ठिबक सिंचन आराखडे | १२ वर्षे | पुणे जिल्हा’ ही रचना बरोबर निम्म्या, म्हणजे ४२ चिन्हांची असून काम आरंभीच सांगते. मात्र या छाटणीत ‘लहान शेतकऱ्यांसाठी’ हे शब्द गळले, आणि या व्यक्तीला इतर आराखडेकारांपासून वेगळे करणारे तेवढेच शब्द होते. ते परत घातले तरी लांबी ६१ चिन्हांच्या पुढे जात नाही. मर्यादेच्या धाकाने आवश्यकतेहून अधिक कापणे हा या प्रकारच्या लेखनातील नेहमीचा दोष आहे.

विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून येत असल्याने मराठीत मोकळ्या जागा वाचतात. ‘मनपा’, ‘जि. प.’, ‘सा. बां. वि.’ ही संक्षिप्त रूपे महाराष्ट्रात परिचित असली तरी राज्याबाहेरील वाचकाला निरुपयोगी ठरतात. शब्दगट वेगळे करण्यासाठी वापरली जाणारी उभी रेघ देवनागरीतील दंडासारखी दिसते. आधुनिक मराठी गद्यात दंड वापरात नसल्याने गोंधळ होत नाही, हिंदीत मात्र तो होऊ शकतो.

भाषेची निवड

लिंक्डइनचे हिंदी रूप डिसेंबर २०२१ मध्ये आले व पुढे मराठीचाही समावेश झाला. तरीही महाराष्ट्रातील सदस्य आपली शीर्षकओळ बहुतांशी इंग्रजीत लिहितात. यामागे चिन्हांच्या काटकसरीपेक्षा शोधाचे कारण मोठे आहे: नोकरभरती करणारे पदनाम रोमन लिपीत टंकित करून शोधतात, आणि ‘स्थापत्य अभियंता’ असे लिहिणारी व्यक्ती त्या शोधात सापडेलच असे नाही. दोन्ही लिप्यांत पदनाम देणे हा मध्यममार्ग काहीजण स्वीकारतात. वरील उदाहरणातील पदनाम असे दोनदा लिहिले, तर मधल्या विभाजकासह सुमारे ३३ चिन्हे लागतात आणि २२० पैकी बराच मोठा भाग शिल्लक राहतो.