डेकॅथलॉन

दोन दिवसांत दहा प्रकारांची ॲथलेटिक्स स्पर्धा. १९१२ पासून ऑलिंपिकमध्ये. पहिल्या दिवशी १०० मीटर, लांब उडी, गोळाफेक, उंच उडी, ४०० मीटर. दुसऱ्या दिवशी ११० मीटर अडथळा शर्यत, थाळीफेक, बांबू उडी, भालाफेक आणि थकल्या पायांनी १५०० मीटर. गोळाफेकीसाठी कमावलेले वजनदार शरीर या अखेरच्या शर्यतीत ओझे होते. मनाची कसोटी त्याहून कठीण. गुण ठरलेल्या कोष्टकानुसार मिळत असल्याने एका प्रकारातले शून्य भरून निघणे जवळजवळ अशक्य. फ्रान्सच्या केव्हिन मायरचे २०१८ च्या बर्लिन युरोपीय स्पर्धेत लांब उडीचे तिन्ही प्रयत्न फाऊल ठरले आणि त्याने माघार घेतली. सुमारे सव्वा महिन्यानंतर तालांस येथे त्याने ९,१२६ गुणांचा जागतिक विक्रम केला.